डेटाबेसमधल्या मराठीची प्रश्नचिन्हं किंवा गिचमिड झाली तर: पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून करायच्या तपासण्या

वाचनालयाची पुस्तकसूची, सोसायटीची सभासद यादी, दिवाळी अंकाची वेबसाइट, शाळेचं हजेरीपत्रक. अशी छोटी कामं मी बरीच वर्षं सांभाळतोय आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेला फोन एकच आहे: "अहो, सगळं मराठी गेलं." होस्टिंग बदललेलं असतं, नाहीतर पीएचपीची आवृत्ती वाढवलेली असते, नाहीतर कुणीतरी एक्सेलमधून यादी चढवलेली असते. दुरुस्ती बहुधा अर्ध्या तासाची निघते. खरं नुकसान होतं ते मला फोन येण्याआधी, घाबरून पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये दिसेल ते कोलेशन निवडून 'गो' दाबलेलं असतं तेव्हा. (पीएचपीमायअ‍ॅडमिन म्हणजे मायएसक्यूएल हा डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं साधन. कोलेशन म्हणजे अक्षरसंच आणि त्यातला क्रम लावायचा नियम.)

म्हणून आधीच सांगतो: हेक्सची (साठवलेले बाइट जसेच्या तसे बघण्याची) तपासणी होईपर्यंत डेटाबेसमध्ये काहीही बदलू नका, नुसतं बघा. अक्षरं हरवलीत की फक्त चुकीच्या वेषात उभी आहेत, हे कळल्याशिवाय दाबलेलं प्रत्येक बटण जुगार आहे. (आज्ञा आणि मेनूंची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची.)

लक्षणं

"मराठी गेलं" हे एकच वाक्य, पण त्यामागे निदान सहा वेगळे बिघाड असतात.

प्रश्नचिन्हं. 'मराठी'च्या जागी ????? दिसतं. ती मोजा, पाच भरतील. आपल्याला अक्षरं तीन दिसतात, पण संगणकाच्या लेखी म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच. दर अक्षराला एक प्रश्नचिन्ह हे वाईट लक्षण आहे. कुठल्यातरी टप्प्यावर अक्षराचं रूपांतर अशा अक्षरसंचात (कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची पद्धत) झालं ज्यात देवनागरीच नाही. हे फक्त दाखवताना झालं असेल तर वाचलात. साठवतानाच झालं असेल तर मूळ अक्षर आता कुठेच नाही.

गिचमिड. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या मागे ¤, मग आणखी काहीतरी, आणि हेच पुन्हा पुन्हा. भयंकर दिसतं, पण मला हे दिसलं की हायसं वाटतं. यूटीएफ८मध्ये (सगळ्या लिप्या मावतात असा संच) देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं. ते तीन बाइट तीन सुटी युरोपीय चिन्हं म्हणून वाचले की ही गिचमिड होते, म्हणजे बाइट जागेवर आहेत. थोड्या सरावाने ती वाचताही येते. ® दिसलं की म, ° दिसलं की र, आणि काना येतो ¾ होऊन. कान्याची पाऊण! मात्रा, उकार आणि दीर्घ वेलांटी असली की ¤च्या जागी ¥ येतं, आणि दीर्घ वेलांटीच्या शेवटी चक्क €. वाचनालयाच्या बाईंनी मला एकदा विचारलं होतं, "आमच्या पुस्तकांच्या किमती परदेशी चलनात कशा काय झाल्या?"

चौकोन. हा डेटाबेसचा दोष नाही, त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही. दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघा आणि विषय संपवा.

कापलेला मजकूर. 'सर्वांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा 🙏 मिरवणूक सकाळी' एवढं लिहिलं आणि डेटाबेसमध्ये 'शुभेच्छा'पर्यंतच आलं. हात जोडलेली इमोजी चार बाइटांची. मायएसक्यूएलमधल्या जुन्या 'यूटीएफ८' नावाच्या संचात तीनच बाइट मावतात आणि सर्व्हर कडक मोडमध्ये (न मावणारा मजकूर नाकारायचा अशी सेटिंग) नसेल तर तो इमोजीपासून पुढचं सगळं गुपचूप सोडून देतो. मराठी ठीक आणि इमोजीनंतर सगळं गायब असं असेल तर कारण हेच, आणि उपाय यूटीएफ८एमबी४, म्हणजे चार बाइट मावणारा संच. मात्र गेलेला मजकूर परत येत नाही.

सुटी रोमन अक्षरं. एबीसीडी आणि कंस-स्वल्पविराम यांची अर्थहीन माळ दिसत असेल तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. डेटाबेसने तो इमानदारीत ठेवलाय. त्याला फॉन्ट-परिवर्तक लागतो, खालचं काहीही लागू नाही.

त्रुटी. क्रमांक १३६६ आली म्हणजे कडक मोडमधल्या सर्व्हरने न मावणारं अक्षर नाकारलंय. मायएसक्यूएल ५.७पासून हा मोड मुळातच चालू असतो. लोक या त्रुटीवर चिडतात, मी तिला दुवा देतो, कारण ती नसती तर ????? साठवून सर्व्हर गप्प बसला असता. १२७३ आणि १०७१ यांच्याबद्दल पुढे.

पहिली तपासणी: दोन खिडक्या शेजारी शेजारी

फुकट, दोन मिनिटांची, आणि निम्मं निदान इथेच होतं. एका खिडकीत साइटवरची एक नोंद उघडा, दुसरीत पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या 'ब्राउझ' टॅबमध्ये तीच नोंद. हे महत्त्वाचं अशासाठी की पीएचपीमायअ‍ॅडमिन स्वतः सर्व्हरशी कायम यूटीएफ८मध्येच बोलतं, तुमचं अ‍ॅप्लिकेशन मात्र कशात बोलतं हे ते लिहिणाऱ्यावर अवलंबून. एकाच खोलीकडे दोन दारांतून बघायचं.

पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये स्वच्छ मराठी आणि साइटवर प्रश्नचिन्हं: डेटा सुखरूप, दोष अ‍ॅप्लिकेशनच्या कनेक्शनमध्ये. डेटाबेसला हातही लावू नका. पीएचपीमध्ये मायएसक्यूएलआय असेल तर कनेक्शननंतर लगेच 'सेट कॅरसेट' यूटीएफ८एमबी४. पीडीओ असेल तर कनेक्शनच्या ओळीतच कॅरसेट. (पीएचपीने डेटाबेसशी बोलायचे हे दोन मार्ग.) वर्डप्रेस असेल तर कॉन्फिग फाइलमधली डीबी-कॅरसेटची ओळ.

पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये स्वच्छ आणि साइटवर गिचमिड: बहुतेक पानाच्या वरच्या भागात कॅरसेटचा टॅग नाही. एक ओळ घाला, झालं.

साइटवर स्वच्छ आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये गिचमिड: हा खरा मजेदार प्रकार, आणि लोक सगळ्यांत जास्त नासधूस यातच करतात. इथे दोन चुका एकमेकींना झाकत आहेत. अ‍ॅप्लिकेशन यूटीएफ८चे बाइट 'हे लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचा जुना संच) आहे' असं खोटं सांगून आत टाकतं, आणि बाहेर काढतानाही तेच खोटं बोलतं. त्यामुळे साइटवर वर्षानुवर्षं सगळं छान दिसतं. मग एके दिवशी होस्टिंगवाले मायएसक्यूएल ५.७वरून ८वर जातात. ५.७चा ठरीव संच लॅटिन१ होता, ८चा यूटीएफ८एमबी४ आहे. कोडमध्ये संच सांगितलेला नसेल तर पीएचपी सर्व्हरचा ठरीव संच उचलतं. म्हणजे बाहेर काढताना खोटं बोलणं थांबतं आणि रातोरात साइटवरही गिचमिड. "आम्ही काहीच केलं नाही हो," हे वाक्य अशा वेळी शंभर टक्के खरं असतं.

दोन्हीकडे गिचमिड असेल तर पुढे चला. दोन्हीकडे प्रश्नचिन्हं असतील तर पुढे जाण्याआधी होस्टिंगवाल्यांना फोन लावा आणि एकच विचारा: बॅकअप किती दिवस ठेवता? कित्येक ठिकाणी जुन्यावर नवा चढत जातो. तुम्ही तीन दिवस प्रयोग करत बसलात तर चांगला बॅकअप जाऊन प्रश्नचिन्हांचाच बॅकअप उरेल.

दुसरी: पीएचपीमायअ‍ॅडमिनचे स्वतःचे खेळ

लांब मजकूर पन्नास अक्षरांपाशी तुटून तीन टिंबं दिसतात, आणि लोक म्हणतात डेटा कापला गेला. तसं काही नाही. ब्राउझमध्ये पन्नास अक्षरंच दाखवायची असा ठरीव नियम आहे. वरच्या 'ऑप्शन्स'मधून 'फुल टेक्स्ट्स' निवडा.

तसंच पहिल्या पानावरची 'सर्व्हर कनेक्शन कोलेशन' ही यादी. ती बदलून साइट सुधारत नाही, ते पीएचपीमायअ‍ॅडमिनचं स्वतःचं कनेक्शन आहे. आणि एसक्यूएल टॅबमध्ये कॅरेक्टर-सेटची व्हेरिएबल्स काढून "बघा, सगळीकडे यूटीएफ८एमबी४ आहे" असा स्क्रीनशॉट मला पाठवू नका. त्यातले क्लायंट आणि कनेक्शनचे आकडे पीएचपीमायअ‍ॅडमिनचे आहेत, तुमच्या अ‍ॅप्लिकेशनचे नाहीत.

तिसरी: चढवलेली फाइल

बिघाड आयात केल्यानंतर सुरू झाला असेल तर डेटाबेसच्या आधी फाइल तपासा. मूळ फाइल हाताशी असताना टेबल दुरुस्त करत बसणं म्हणजे दुधाची पिशवी फुटलेली असताना फरशी पुसत राहणं.

एक्सेलमधून साधी 'सीएसव्ही' म्हणून जतन केली की देवनागरी तिथेच प्रश्नचिन्हं होऊन जाते. जतन करतानाच्या यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार असतो, तो निवडायचा. नोटपॅडचंही तसंच. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून तो नवी फाइल यूटीएफ-८मध्ये ठेवतो, त्याआधीच्यांत 'एएनएसआय' हे ठरीव होतं. डंप (डेटाबेसची उतरवून काढलेली एसक्यूएल फाइल) उघडून एक शब्द बदलला, जतन केलं, बारीकसा इशारा आला, ओके दाबलं, मराठी गेलं. विंडोज पॉवरशेलमधून बाणाचं चिन्ह वापरून डंप काढला असेल तर तो यूटीएफ-१६मध्ये निघतो, तोही आयातीत अडकतो.

डंपच्या पहिल्या विसेक ओळींत 'सेट नेम्स यूटीएफ८एमबी४' अशी ओळ दिसते का बघा. पीएचपीमायअ‍ॅडमिनने काढलेल्या डंपमध्ये ती असते. आयात करताना 'कॅरेक्टर सेट ऑफ द फाइल' या यादीत यूटीएफ-८च हवं.

१२७३ त्रुटी (अनोळखी कोलेशन) इथलीच. मायएसक्यूएल ८मधून काढलेल्या डंपमध्ये कोलेशनच्या नावात ०९०० हा आकडा असतो, आणि आपल्या संगणकावरच्या झॅम्पमध्ये (साइट घरीच चालवून बघायचं पॅकेज) मायएसक्यूएल नव्हे तर त्याचं भावंड मारियाडीबी असतं, ज्याच्या बऱ्याच आवृत्त्यांना ते नाव माहीत नाही. डंपमध्ये ते सगळीकडे बदलून यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय करा (नोटपॅड++सारख्या एडिटरमध्ये, यूटीएफ-८ राखून). मराठीला धक्का लागत नाही, कारण संच तोच राहतो आणि बदलतो तो फक्त क्रम लावायचा नियम.

चौथी: कोलेशनचा स्तंभ

डेटाबेसवर क्लिक केलं की टेबलांच्या यादीत 'कोलेशन' असा एक स्तंभ दिसतो. तिथे लॅटिन१_स्वीडिश_सीआय दिसलं तर दचकू नका. मायएसक्यूएल मूळची स्वीडिश कंपनी, त्यामुळे आवृत्ती ५.७पर्यंत ठरीव क्रम स्वीडिश भाषेचा. आपल्या तालुक्यातल्या वाचनालयाची 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतची सूची स्वीडिश नियमांनी लागलेली असते, कुणाला पत्ताही नसतो.

पण टेबलाचं कोलेशन बघून थांबू नका, टेबल उघडून 'स्ट्रक्चर'मध्ये प्रत्येक कॉलमचं बघा. खरं राज्य कॉलमचं असतं. टेबलाचं किंवा डेटाबेसचं कोलेशन हे पुढे जन्मणाऱ्यांसाठीचं नाव, त्याने जुनं काही बदलत नाही. "मी डेटाबेस यूटीएफ८एमबी४ केला तरी तेच" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणि आता 'ऑपरेशन्स' टॅबमधला 'चेंज ऑल कॉलम कोलेशन्स'चा चौकोन. तो दिसेल, मोह होईल, दाबू नका. तो टेबलाचं थेट रूपांतर करतो. लॅटिन१ कॉलममध्ये खरोखर लॅटिन१ असेल तर ते बरोबर. पण आत यूटीएफ८चे बाइट लपले असतील तर सर्व्हर त्या गिचमिडीलाच खरं मानून तिचं इमानदारीने यूटीएफ८ करतो. गिचमिड पक्की होते. दुसऱ्यांदा केलंत तर गिचमिडीची गिचमिड.

पाचवी: हेक्स, म्हणजे खरा एक्स-रे

पडद्यावर दिसतं ते कुणीतरी लावलेला अर्थ असतो. हेक्स म्हणजे प्रत्यक्ष साठवलेले बाइट. जिचं मूळ मराठी तुम्हाला नक्की ठाऊक आहे अशी एक नोंद निवडा. एसक्यूएल टॅबमध्ये त्या नोंदीसाठी तीन गोष्टी मागवा: कॉलमचं 'हेक्स', 'कॅर_लेंग्थ' (अक्षरं) आणि 'लेंग्थ' (बाइट). 'मराठी' या शब्दावर सांगतो.

हेक्सची सुरुवात ई०ए४ने, अक्षरं ५, बाइट १५: डेटा निर्दोष. पुन्हा पहिल्या तपासणीकडे, दोष कनेक्शनचा.

हेक्स ई०ए४, पण अक्षरं १५ आणि बाइटही १५: लॅटिन१ कॉलममध्ये यूटीएफ८चे बाइट लपलेत. त्यांना फक्त नाव चुकीचं दिलंय.

हेक्स सी३ए०सी२ए४ने सुरू, अक्षरं १५, बाइट ३१: दुहेरी रूपांतर झालंय. (तीस का नाही? दीर्घ वेलांटीतल्या त्या €ला दोनाऐवजी तीन बाइट लागतात.) सुरुवात सी३८३ असेल तर दोनदा घोळ झालाय, म्हणजे दोनदा उलटवावं लागेल.

हेक्स ३एफ३एफ३एफ: ३एफ म्हणजे प्रश्नचिन्ह. तेच साठवलंय. इथे कुठलीही क्वेरी चालणार नाही आणि कुणी "सॉफ्टवेअरने काढून देतो" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. बॅकअप, मूळ एक्सेल, छापील यादी, एवढेच मार्ग.

एकच नोंद बघून निष्कर्ष काढू नका. सर्वांत जुनी, मधली आणि कालची, अशा तीन घ्या. मध्ये कधीतरी कुणी कनेक्शन सुधारलं असेल तर जुन्या नोंदी गिचमिड आणि नव्या स्वच्छ असा मिश्र प्रकार सापडतो, आणि दुरुस्तीची पद्धत त्यावर ठरते.

आता हात लावायचा

आधी 'एक्सपोर्ट', मग शिवाय 'ऑपरेशन्स'मधल्या 'कॉपी टेबल'ने टेबलाची प्रत. दोन्ही का? लपलेल्या बाइटांचं टेबल पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्सपोर्ट केलं की ती गिचमिड दुहेरी होऊन फाइलमध्ये उतरते. सर्व्हरच्या आतल्या आत केलेल्या प्रतीत मात्र बाइट जसेच्या तसे राहतात. प्रयोग प्रतीवरच. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये दर वेळी नवं कनेक्शन होतं, त्यामुळे एकदा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करून पुढच्या क्लिकवर रोलबॅक करू, म्हणजे सगळं मागे घेऊ, ही आशा सोडा. शिवाय टेबलाची रचना बदलणारी आज्ञा तशीही लगेच पक्की होते.

लपलेल्या बाइटांसाठी कॉलम दोन पावलांत बदलायचा. (टेक्स्ट आणि व्हारकॅर हे मजकुराचे प्रकार, ब्लॉब आणि व्हारबायनरी नुसत्या बाइटांचे.) आधी टेक्स्टचा ब्लॉब करा, व्हारकॅर असेल तर तेवढ्याच लांबीचा व्हारबायनरी. मग पुन्हा टेक्स्ट किंवा व्हारकॅर, पण यूटीएफ८एमबी४मध्ये. ब्लॉबला संचच नसतो, त्यामुळे मधल्या पावलावर सर्व्हर काही भाषांतर करू शकत नाही. पहिल्या पावलानंतर ब्राउझमध्ये मजकुराऐवजी 'ब्लॉब - १५ बी' असं कंसात दिसेल. पहिल्यांदा माझाही जीव वर आला होता. दुसरं पाऊल टाकलं की मराठी उभी राहते.

हे 'चेंज'च्या फॉर्ममधून न करता एसक्यूएल टॅबमध्ये स्वतः लिहून करा, म्हणजे लिहिलं तेवढंच चालेल. 'नॉट नल' आणि डिफॉल्ट दोन्ही आज्ञांत पुन्हा लिहा, नाहीतर ते गळतात. फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर आधी काढा, नंतर परत लावा. आणि त्याच बैठकीत अ‍ॅप्लिकेशनचं कनेक्शनही यूटीएफ८एमबी४ करा. इकडे सत्य आणि तिकडे जुनं खोटं राहिलं तर साइटवर प्रश्नचिन्हं येतील.

जुन्या सर्व्हरवर इथे १०७१ त्रुटी भेटते: इंडेक्सची किल्ली ७६७ बाइटांपेक्षा लांब. २५५ अक्षरं गुणिले चार म्हणजे १०२०. इंडेक्स पहिल्या १९१ अक्षरांवर लावा, ७६४ होतात. वर्डप्रेसच्या टेबलांत तो विचित्र १९१ दिसतो तो इथूनच आलाय.

दुहेरी रूपांतरासाठी रचना बदलायची नाही, मजकूर उलटवायचा. क्वेरी आतून बाहेर वाचा: कॉलम लॅटिन१मध्ये कन्व्हर्ट, त्याचं बायनरी, आणि ते यूटीएफ८एमबी४मध्ये कन्व्हर्ट. आधी हे 'सिलेक्ट'मध्ये लिहून जुन्या कॉलमशेजारी बघा. पंचवीस ओळी डोळ्यांनी वाचा, मगच 'अपडेट'. अपडेटला 'व्हेअर' हवाच, हेक्समध्ये सी३ए०सी२ सापडणाऱ्याच नोंदी. निर्दोष मराठी या क्वेरीतून गेली तर लॅटिन१च्या पावलावर तिची प्रश्नचिन्हं होतात. म्हणजे दुरुस्तीनेच बिघाड. एसक्यूएल टॅबमधलं 'सिम्युलेट क्वेरी' आधी दाबलं तर किती नोंदी बदलतील ते कळतं. तो आकडा अपेक्षेपेक्षा मोठा असेल तर व्हेअर चुकलाय.

हे काम बाहेर, एखाद्या एडिटरमध्ये किंवा ऑनलाइन परिवर्तकात करू नका. विंडोजच्या युरोपीय संचात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि आपलं दुर्दैव असं की हलन्त, ऱ्हस्व उकार, झ, ए, ऐ यांचे शेवटचे बाइट नेमके त्याच जागांवर पडतात. बाहेरचं साधन ते गाळतं आणि जोडाक्षरं फुटून परत येतात. मायएसक्यूएलचं लॅटिन१ त्या पाच जागाही सांभाळून ठेवतं, म्हणून दुरुस्ती त्याच्या पोटातच करायची.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पैशाचा हिशेब असलेला चालू डेटाबेस: पतसंस्था, फी भरणं, ऑनलाइन ऑर्डर. दुरुस्ती चालू असताना नवी नोंद आली तर ती अर्धवट स्थितीत अडकते. असं काम साइट बंद ठेवून, कमांड लाइनवरून, अनुभवी माणसाने करायचं. पीएचपीमायअ‍ॅडमिनचं पान मध्येच वेळ संपून थांबलं तर काय झालं आणि काय राहिलं याचा हिशेब लागत नाही.

ब्लॉबनंतरच्या दुसऱ्या पावलावर १३६६ येणं. याचा अर्थ काही नोंदी अक्षराच्या मध्येच कापल्या गेल्यात. पन्नास लांबीच्या लॅटिन१ कॉलममध्ये मराठीची सोळाच अक्षरं मावतात, सतराव्याचे दोन बाइट आत आणि एक बाहेर. एका वाचनालयाच्या सूचीत लांब नावांची सगळी पुस्तकं अशी शेपूट तुटलेली निघाली. लांबी काठोकाठ भरलेल्या नोंदी दहा-वीस असतील तर हाताने पुन्हा टाइप करा, आम्ही तेच केलं, पुस्तकं समोर घेऊन. हजारात असतील तर थांबा. कडक मोड बंद करून रेटायचा सल्ला कुणी देईल. त्याने त्रुटी जाते आणि तुटलेली अक्षरंही कायमची जातात.

वर्डप्रेसच्या ऑप्शन्स टेबलात किंवा पेज-बिल्डरच्या मजकुरात बिघाड असणं. तिथे मजकुराआधी त्याची बाइटांतली लांबी लिहिलेली असते, 'मराठी'साठी १५. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये शिरून हाताने एक अक्षर सुधारलं की आकडा जुळत नाही आणि अख्खी सेटिंग नाहीशी होते.

एकाच कॉलममध्ये तीन प्रकारचे हेक्स सापडणं. आणि बॅकअप नाही, टेबलाची प्रत काढायला जागा नाही, अशी स्थिती. त्या दिवशी काहीही करू नका.

झाल्यावर

जुनं नीट दिसलं म्हणजे काम संपलं असं नाही, नवी नोंद नीट जाते का ते बघायचं. मी प्रत्येक दुरुस्तीनंतर, आणि प्रत्येक नव्या होस्टिंगवरही, साइटच्या फॉर्ममधून ही नोंद घालतो: ऐन झुंजूमुंजू वाऱ्यात 🙏. अर्थ शोधू नका. यात ऐ आहे, झ आहे, ऱ्हस्व उकार, हलन्त आणि चार बाइटांची इमोजी आहे, म्हणजे जिथे जिथे गाडी अडते ती बहुतेक वळणं. मग पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये तिची मापं काढायची. अक्षरं २३ आणि बाइट ६४ आले पाहिजेत. २४ आणि ६७ आले तरी घाबरू नका, तुमच्या कीबोर्डने ऱ हा र आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत टाकलाय.